विनूस, पडद्याच्या पैशांबद्दल

फोंडा, रविवार रात्र

प्रिय विनू,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले तेही वाजू दिले. आज लिहितोय, कारण गुरुवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. आणि गंमत बघ, तुलाही ते पूर्ण सांगता येणार नाही.

तब्येत बरी. आज एकेचाळिसावा दिवस. नंदाने १४४४६ ला, व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तिथून सुरुवात झाली. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, म्हणून पहिला आठवडा बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टरांच्या नजरेखाली काढला. लिव्हर सुधारतंय. पुरे.

घोर लागलाय तो मीटिंगचा. बांबोळीहून निघताना सांगितलं होतं, ‘एए’ला, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जा, पण एका मीटिंगवरून मत करू नकोस, मानवेल तो ग्रुप शोध. फी नाही. पिणं सोडायची इच्छा हवी, एवढीच अट.

आधी पणजी गाठली, मुद्दाम लांबची. सगळं इंग्रजीत. माणसं लाख चांगली. माझी पाळी आली तेव्हा मला सांगायचं होतं, की आईच्या दहाव्याला पिंडावर पाणी सोडलं तेव्हा मी प्यालेला होतो. तोंडातून निघालं, ‘आय वॉज नॉट फीलिंग गुड’. मी खाली बसलो. भांडायला आणि रडायला मला मराठीच लागते, तुला माहीत आहे. तू तर दोन्ही वेळा समोर होतास.

मग मडगाव. कोंकणीत, चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये. भिंतीवर सायबीण, मेरीमाता, बघून मी दारातच थबकलो. एक म्हातारा पुढे आला. म्हणाला, हॉल भाड्याचा, भाडं आम्हीच टोपी फिरवून जमवतो, तू आज काही टाकू नकोस. आणि देव म्हणशील तर ‘जसा आपल्याला समजला तसा’ असं एएच्या बारा पायऱ्यांतच लिहिलंय, तुझा मंगेश चालतो. त्याच्या शेजारी एक पोरगा होता, तिसरा दिवस त्याचा. पेला दोन्ही हातांनी धरूनही चहा मांडीवर सांडत होता. म्हाताऱ्याने काही न बोलता अर्धा चहा आपल्या पेल्यात ओतून घेतला आणि उरलेला त्याच्या हातात परत दिला. विनू, मला त्या क्षणी घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

त्यानेच सांगितलं, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअरबाजारातला आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सगळं उभं राहिलं. मला आपला देवळापुढचा पार आठवला. तिथेही आपण दोघे रात्र रात्र बोलायचो, पण मध्ये बाटली असायची.

मडगाव धरलंही असतं. पण मीटिंग संपते तोवर शेवटची बस गेलेली असते, आणि स्टँडभोवती चालत जावं तर दोन्ही बाजूंनी बार. त्यात हा हुर्राकाचा, काजूच्या दारूचा महिना. काजूच्या बोंडूंचा वास बसच्या खिडकीतूनसुद्धा आत येतो रे. मी नाकाला रुमाल लावून बसतो.

राहिलं फोंडा. घरापासून दहा मिनिटं. इतके दिवस टाळलं ते शाळेमुळे, कुणा पालकाने बघितलं तर? गुरुवारी गेलो. खुर्चीवर बसलो, वर बघितलं, समोर तो. तू त्याला ओळखतोस. नाव सांगणार नाही, तिथे दिसलेलं माणूस तिथेच ठेवायचं असतं. ओळखलंस तरी मला विचारू नकोस. एवढंच सांगतो, जत्रेच्या नाटकात तुझी संभाजीची मिशी ऐन दरबारात गळून पडली आणि तू ती उचलून बाणेदारपणे खिशात घातलीस, त्या रात्री तो विंगेत होता.

आणि मंडळाच्या नाटकाच्या पडद्याचे चार हजार कुठे गेले हे त्याला माहीत आहे.

मीच घेतले होते, विनू. तीन दिवसांत प्यालो. हिशेब तुझ्याकडे होता म्हणून बोट तुझ्याकडे गेलं, आणि मी मंडळासमोर मान खाली घालून बसलो. तू मंडळ सोडलंस. बसस्टँडवर तू मला ‘बेवडा’ म्हणालास, त्यावर मी वर्षभर रुसून बसलो. रुसायचा हक्क कुणाचा होता! मडगावचा म्हातारा म्हणतो, झालेलं नुकसान भरून द्यायची पायरी नववी आहे, तू अजून पहिलीवर आहेस, घाई करू नकोस. पण मला नववीपर्यंत थांबवत नाही. पैसे मंडळात भरून तुझं नाव मी स्वतः सगळ्यांपुढे मोकळं करीन.

गुरुवारी तो विंगेतला काही बोलला नाही. फक्त शेजारची खुर्ची ओढून दिली. मी मराठीत बोललो, आईचं दहावं सांगितलं, सगळं. पडद्याचं तेवढं नाही सांगता आलं.

ज्या खोलीत माझं खोटं माहीत असलेला माणूस बसतो, तिथे दर गुरुवारी जाववेल का? की म्हणूनच जायला हवं? चार रात्री हेच चाललंय.

चिंगीची दहावी कशी गेली? वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? लिही.

आणि एक कर. गुरुवारी संध्याकाळी सहाला फोन कर. शिव्या दे हव्या तेवढ्या, पण शेवटी ‘जा’ म्हण. या वेळी मी उचलीन.

तुझा,
सदा