जिन्यावरचा ठेका

लंडन,
रविवार, रात्री

प्रिय रेखा,

तुझ्या तबल्याला परवाही कुणीतरी 'बाई असून छान वाजवता' म्हणालं, हे फोनवर सांगताना तुझा आवाज उतरला होता. तेव्हापासून तुला ड्रम वाजवणाऱ्या हनी लॅन्ट्रीबद्दल लिहायचं मनात घोळतंय.

आज मी होलोवे रोडला गेले होते. 304 नंबरच्या घरासमोर बराच वेळ उभी राहिले. तेव्हा खाली दुकान, वर रेकॉर्ड बनवणाऱ्या जो मीकचं राहतं घर आणि तिथंच त्याचा स्टुडिओ होता. 1964 मध्ये इथं 'हनीकोम्ब्स' हा पॉप गट आला. बीट ग्रुपांचा तो बहराचा काळ, गल्लोगल्ली गिटारवाली पोरं. यांच्या ड्रमवर मात्र हनी. ती सलूनमध्ये मार्टिन मरेच्या हाताखाली काम करायची. त्याच्या गटाच्या तालमीला गेली, सहज ड्रमवर बसली आणि जमलंच की तिला! भाऊ जॉन बेसवर, गायला डेनिस डेल. आधीचं नाव शेरेटन्स. रेकॉर्ड कंपनीने ते बदललं. हनीकोम्ब म्हणजे मधाचं पोळं, त्यात तिचं नाव आलं आणि सलूनमधली फणीसुद्धा.

'हॅव आय द राइट?' हे गाणं रेकॉर्ड करताना मीकला ठेका आणखी दणदणीत हवा होता. त्याने सगळ्यांना लाकडी जिन्यावर उभं करून पाय आपटायला लावले. माइक कठड्याला अडकवले, तेही सायकल चालवताना पँटचे पायचे आवळायच्या क्लिपांनी! शिवाय एका माइकवर थेट खंजिरी आपटली. ऑगस्ट संपताना गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर, पुढे अमेरिकेत पाचव्या.

मग उतरण लागली. मरे गट सोडून गेला. 1965 मध्ये 'दॅट्स द वे' बाराव्या नंबरपर्यंत पोचलं, त्यात हनी डेनिसबरोबर गायलीय, ते मला फार आवडतं. फेब्रुवारी 1967 मध्ये मीकने याच घरात घरमालकिणीला गोळी घातली आणि मग स्वतःला. त्याच वर्षी गटही मोडला. सगळा मिळून तीन-चार वर्षांचा खेळ.

पोरीला ड्रमवर बसवणं ही नुसती खपाची युक्ती, असं तेव्हा बोललं जायचं. मला याचा अजून राग येतो गं. तो ठेका ऐकूनच तर लोक दुकानात धावले! बाई ड्रम वाजवतेय हे बघायला नवल वाटलं असेल, पण रेकॉर्डवर कोण बाई आणि कोण पुरुष हे कुठं दिसतं? हनी 2018 मध्ये गेली. ती असती तर तुझ्याबद्दल तिला पत्र लिहिलं असतं.

तू हेडफोन लावून ऐक. ध्रुवपदाला पाय पडतात तिथं ड्रम कुठला आणि जिना कुठला, हे तुझ्या कानाला वेगळं काढता येतं का बघ. मला अजून जमलेलं नाही. लगेच कळव.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
मीना