बाबा, ती चाल वसंत देसाईंची होती

बंगळूर

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, तुमचे पत्र पोहोचले. नात दिवसभर फोनमध्ये डोके घालून बसते हे पाहून तुम्हाला आपल्या डोंबिवलीच्या घरातील टेलिव्हिजन आठवला, आणि तो घरात आणला नसता तर बरे झाले असते का, असा प्रश्न तुम्हाला इतक्या वर्षांनी पडला आहे. फोनवर या विषयाला हात घातला की आई गुडघेदुखीवर येते आणि तुम्ही क्रिकेटवर जाता, म्हणून उत्तर लिहूनच पाठवते. माझ्या मते तो टेलिव्हिजन आणला हे चांगलेच झाले. त्याचे श्रेय मी रामायणाला देत नाही, रविवारच्या चित्रपटाला तर नाहीच. दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की लागणाऱ्या, काही मिनिटांच्या शैक्षणिक कार्टूनांना देते.

तुम्हाला त्यातले पक्ष्यांचे कार्टून नक्की आठवत असेल. बागेत खेळणारी मुले, आणि ‘अनेक’ म्हणजे काय असे ताईला विचारणारा धाकटा भाऊ. ताई त्याला सूर्य, चंद्र आणि तारे दाखवते, मग खारी आणि फुलपाखरे येतात, आणि शेवटी दाणे टिपायला उतरलेल्या चिमण्यांची गोष्ट सुरू होते. व्याधाच्या जाळ्यात अडकलेल्या त्या चिमण्या एकदम जोर लावून जाळ्यासकट उडतात, आणि दूर एका गावाजवळ राहणारे त्यांचे उंदीर मित्र जाळे कुरतडून त्यांना मोकळे करतात. त्याचे नाव ‘एक, अनेक और एकता’. ते कधी लागेल याचा पत्ता वर्तमानपत्रात छापून येत नसे. ‘व्यत्यय’ची पाटी दिसली की मी आणि भाऊ असे आम्ही दोघे पडद्यासमोर बसून राहत असू, कारण पाटीनंतर बातम्या येतील की चिमण्या, हे कुणालाच सांगता येत नसे.

त्या कार्टूनातील मला आजही सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तो मध्येच तोंड घालणारा भाऊ. ताई सांगत असते आणि तो तिला अडवतो. व्याध म्हणजे कोण, त्याने चिमण्यांना धरले का, मारले का, पुढे काय झाले, असे प्रश्न तो करत राहतो, आणि प्रत्येक प्रश्नापाशी गोष्ट क्षणभर थांबते. मुलांना शिकवण्यासाठी म्हणून केलेल्या पुष्कळशा चित्रफिती मी नंतर पाहिल्या. त्यांत मोठ्यांचा आवाज सांगतो आणि मुले माना डोलावतात. इथे विचारण्याचा मान लहानाकडे होता. आम्हीही त्याचेच पाहून विचारू लागलो, फक्त आमचे प्रश्न पडद्याला नसून खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या तुम्हाला असत. त्यातूनच तुम्ही एका संध्याकाळी पंचतंत्रातली मूळ गोष्ट सांगितली होती. कार्टूनात नसलेला चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा तिथे आहे, आणि हिरण्यक उंदीर त्याचे पाश आधी तोडायला पुढे येतो तेव्हा तो राजा म्हणतो की आधी माझ्या सोबत्यांना सोडव, मग मला. माझा भाऊ त्यावर म्हणाला होता की राजाचे दात नसतील म्हणून त्याला उंदीर लागला. तुम्ही वर्तमानपत्राआड तोंड लपवून हसलात, ते आम्हाला दिसले होते.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतले त्याकडे येते. तुम्ही रोज दाढी करताना ‘घनश्याम सुंदरा’ गुणगुणत असा, आणि ‘अमर भूपाळी’तले संगीत देणारे वसंत देसाई आपल्या सावंतवाडीकडचे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असा. आम्ही मात्र चिमण्यांचे गाणे म्हणू लागलो की ‘बंद करा ती किलबिल’ असा हुकूम सुटे. बाबा, ती किलबिल वसंत देसाईंचीच आहे. १९७४ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने काढलेल्या या लघुपटाचे संगीत त्यांनीच दिले आहे. ‘दो आँखें बारह हाथ’मधली, पुढे देशभरच्या शाळांची होऊन बसलेली प्रार्थना ज्यांनी स्वरबद्ध केली, ‘गुड्डी’तली दुसरी शाळेची प्रार्थनाही ज्यांची, त्यांनीच आयुष्याच्या अखेरीस हे सात-एक मिनिटांचे काम केले, आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५मध्ये, लिफ्टच्या अपघातात त्यांचे निधन झाले. शेवटच्या ‘हिंद देश के निवासी’ या गाण्याचे शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे आहेत. त्याची चाल ऐकताना एक गोष्ट लक्षात येते की ती पाच-सहा वर्षांच्या गळ्याला कुठेही ताण न देता चढते आणि उतरते, आणि म्हणूनच वर्गातल्या बेसूर मुलालाही ती म्हणता येत असे. इतकी सोपी चाल बांधायला किती जाणतेपण लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात गाणारा लहान मुलीचा आवाज साधना सरगम यांचा आहे, म्हणजे आपल्या दाभोळच्या साधना घाणेकरांचा. तेव्हा त्या जेमतेम पाच वर्षांच्या असतील. एकाच कार्टूनात कोकणातले दोघे, आणि तुम्ही त्याला किलबिल म्हणत होता.

आई, तुला यातली तिसरी व्यक्ती आवडेल. हा लघुपट दिग्दर्शित करणाऱ्या विजया मुळे यांना सगळे अक्का म्हणत. त्यांचा जन्म १९२१चा, मुंबईचा. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या, तिथल्या फिल्म सोसायटीच्या कामात पडल्या, आणि १९५९ साली देशभरच्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ उभा राहिला तेव्हा अध्यक्ष सत्यजित राय यांच्याबरोबर त्याही संस्थापकांत होत्या. ‘भुवन शोम’मधल्या ज्या सुहासिनी मुळे तुला एवढ्या आवडतात, त्या यांच्याच कन्या. चिमण्यांच्या लघुपटानंतर दिल्लीतल्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टेलिव्हिजन पोहोचवण्याचा जो ‘साइट’ प्रयोग झाला, त्यातले मुलांचे कार्यक्रम त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. वीज येऊन जाऊन असणाऱ्या गावांत, मास्तर आणि पन्नास मुले एका संचासमोर बसणार, हे धरून ते कार्यक्रम आखायचे होते. २०१९ साली, वयाच्या ९८व्या वर्षी त्या गेल्या. वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी जे छापले त्यात सगळे आयुष्य दोन ओळींत उरकून चिमण्यांनाच मथळा दिला होता. त्यांना स्वतःला ते फारसे आवडले नसते असे मला वाटते, पण आमच्या पिढीपुरते ते खरे होते.

चित्रे भीमसेन यांची. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकलेला हा माणूस. ‘द क्लाइंब’ या त्यांच्या लघुपटाला शिकागोच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले होते, आणि पुढे मुंबईत घर शोधणाऱ्या जोडप्याचा ‘घरौंदा’ही त्यांनीच केला. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सेकंदाला १२ चित्रे, म्हणजे सात मिनिटांना पाच हजारांवर चित्रे झाली, आणि संगणक नसताना ती सगळी हाताने काढून, पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर गिरवून, मागून रंगवायची. चिमण्यांचा थवा उडताना तेच पंख पुन्हापुन्हा हलतात, ते या कष्टांत थोडी बचत व्हावी म्हणून. भावाला ते लहानपणीच कळले होते. ‘तीच चिमणी परत आली’ असे तो बोट दाखवून सांगत असे.

एक गोष्ट मात्र मोठेपणी खटकली, आणि ती तुमच्याशीच बोलण्यासारखी आहे. १९७४ हे रेल्वेच्या संपाचे वर्ष. मे महिन्यात देशभरच्या रेल्वे कामगारांनी संप केला आणि सरकारने हजारोंना अटक करून तो मोडला. त्याच वर्षी त्याच सरकारच्या एका खात्याने, लहानांनी जोर एकवटला तर केवढे काम होते, हे सांगणारे कार्टून मुलांसाठी काढले. यात अक्कांचा किंवा देसाईंचा काही दोष नाही, पण ती एकी मुलांना, कार्टूनातल्या मुलांप्रमाणे एकत्र येऊन झाडावरचे आंबे काढण्यापुरतीच शिकवायची होती की काय, असा प्रश्न मला पडतो. तुम्ही या बाबतीत माझ्याइतके कडक नसणार.

पुढे १९८४पासून पुण्यातल्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम सकाळी लागू लागले. इन्सॅट उपग्रहाच्या भरवशावर सहा राज्यांत ज्या शैक्षणिक संस्था उघडल्या, त्यांतली आपल्या राज्याची ही. लहानांसाठी आणि त्यांहून थोड्या मोठ्यांसाठी असे वेगवेगळे कार्यक्रम असत. खरे सांगायचे तर त्यातले बरेचसे कंटाळवाणे होते. फळ्यासमोर उभे राहून बोलणारे गुरुजी घरातही बघायला कोणाला आवडणार? पण ते मराठीत होते, आणि त्यातल्या बाहुल्यांची भाषा आपल्या घरातल्यासारखी होती, याचे तेव्हा काही वाटले नाही, आता वाटते. ती संस्था २०१७ साली बंद झाली.

आई, मीनाबद्दल मात्र तुझ्याशी बोलायचे राहून गेले आहे. युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी राम मोहन यांच्याकडून करून घेतलेली ती मालिका आली तेव्हा मी कार्टूनांच्या वयातून निघाले होते आणि भावाला अजून त्यांचे वेड होते, म्हणून मी त्याच्या मागे बसून बघत असे. एका भागात मीनाला शाळेत पाठवत नाहीत म्हणून ती आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीत पाठवते, तो दोनाचा पाढा शिकून येतो आणि तिला शिकवतो, आणि त्या पाढ्याने कोंबड्या मोजताना एक कमी असल्याचे तिच्या लक्षात येते. दुसऱ्या भागात आंब्याची वाटणी आहे. मुलगा म्हणून राजूला मोठा वाटा मिळतो, मीना कुरकुरते, आणि मग दोघे एक दिवस एकमेकांची कामे करून पाहतात. तिचे काम करता करता राजूची जी दमछाक होते, ती बघून भाऊ खूप हसला होता.

तू तेव्हा दारात परात घेऊन उभी होतीस. आपल्याकडे गावाहून हापूसची पेटी आली की फोडी बाबांना आणि भावाला, थोड्या मला, आणि बाठे तुला, अशीच वाटणी होती. कोणी ती ठरवलेली नव्हती आणि बाबा, तुम्ही कधी मागितलीही नव्हती. तो भाग झाल्यावर तू एक शब्दही बोलली नाहीस, आणि मीही बोलले नाही. पण त्यानंतर चार बशांत फोडी सारख्या पडू लागल्या, बाठ्यासाठी पाळ्या लागल्या, आणि सकाळी नळाचे पाणी भरायला भावाला उठवले जाऊ लागले. त्याने आठवडाभर मीनाला शिव्या घातल्या. तू ते त्या कार्टूनामुळे केलेस, की तुझ्या मनात आधीपासून होते आणि निमित्त मिळाले, हे मला तुझ्याकडून ऐकायचे आहे. पुढच्या फोनवर गुडघ्याआधी हे सांग.

तर बाबा, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. आपल्या घरी टेलिव्हिजन एका खोलीत होता आणि त्या खोलीत तुम्ही दोघे होता. कार्टून सात मिनिटांत संपत असे, लगेच दुसरे सुरू होत नसे, आणि मग आम्हाला तुमच्याकडे वळावेच लागे. तुमच्या नातीच्या फोनवर एक संपण्याआधी दुसरे सुरू होते आणि प्रश्न विचारायला मधली जागाच उरत नाही. म्हणून मी तिच्याकडून फोन काढून घेतलेला नाही, पण आपोआप पुढचे लावण्याची सोय बंद केली आहे आणि स्वयंपाक होईपर्यंत तिने ओट्याजवळ बसून बघायचे असे ठरवले आहे. परवा तिला चिमण्यांचे कार्टून दाखवले. चित्रे जुनी आहेत म्हणाली, गाणे तीनदा लावले, आणि मग विचारले की चिमण्या उडून गेल्यावर त्या व्याधाने काय केले. मी म्हटले की तो थोडे अंतर मागे धावला आणि परतला. त्यावर ती म्हणाली की तो परतून घरी काय खाणार?

हे उत्तर माझ्याजवळ नाही आणि तुमच्याजवळ असेल, कारण पंचतंत्राची ती जाड प्रत तुमच्याच कपाटात आहे. कृपा करून चित्रग्रीवाची गोष्ट तिला मोठ्या अक्षरांत लिहून पाठवा. पोस्टाने पाठवा, फोनवर सांगू नका. तिच्या नावाने अजून एकही पाकीट आलेले नाही. आईला औषध वेळेवर द्यावे, आणि दिवाळीत आम्ही आलो की तुम्ही ‘हिंद देश के निवासी’ पेटीवर काढून ठेवलेले असावे, एवढीच विनंती.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
थोरली