खांदेमळणी रोज करायला शिकवणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मी आठवणार नाही. २०१६च्या डिसेंबरात कृष्णाकाठच्या एका उसाच्या फडावर, जिथं आमची टोळी ऊस तोडत होती, तुम्ही शेतमालकाच्या जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला आला होतात. बांधाला आमची टायरगाडी उभी होती आणि आमच्या पाखऱ्या बैलाच्या खांद्यावर नारळाएवढी सूज होती. मी पंधरा वर्षांची, आईबरोबर मोळ्या बांधत होते.

आदल्याच आठवड्यात एका मोटरसायकलवाल्यानं भर रस्त्यात गाडी अडवून अण्णांना कसाई म्हटलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते पाखऱ्याच्या खांद्यावर पोतं टाकून अंधारातच गाडी काढायला लागले. तुम्ही बांध ओलांडून येताना दिसलात तसं त्यांनी ते पोतं पुढं ओढलं. तुम्ही ते बाजूला केलंत, सूज दाबून बघितलीत आणि विचारलंत, "अण्णा, ही जोडी केवढ्याला बसली?"

त्या प्रश्नासाठी हे पत्र लिहितेय. तोवर ज्यांनी ज्यांनी बैलाचा खांदा बघितला, त्यांनी अण्णांना दयामायेवर ऐकवलं होतं. पैशाचं कुणी विचारलं नव्हतं. अण्णांनी तुम्हाला सगळं सांगितलं. मुकादमानं आगाऊ दिलेली उचल जोडीतच गेलेली, मजुरी टनावर, बैल उभा राहिला की गाडी उभी, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही की पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडं.

आमच्या टोळीतल्या माणसांना जनावराची माया नव्हती असं कुणी म्हटलं तर मला आजही राग येतो. बैलांपुढं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पडल्याशिवाय अण्णा भाकरीला हात लावत नसत. रात्री आमच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बैलांचं रवंथ थांबलं की आईला झोपेतून जाग यायची. आणि त्याच अण्णांच्या पराणीला, बैल हाकायच्या काठीला, टोकदार लोखंडी आर होती, चढाला ती पाखऱ्याच्या पुठ्ठ्यात टोचलेली मी बघितली आहे. बैलाला दुखतं हे कळत नव्हतं म्हणून ते टोचत नव्हते. कारखान्यावर ऊस उतरवायचा नंबर हुकला की गाडीतळावर रात्र जायची, बैलांचीही आणि माणसांचीही. म्हणून टोचत होते.

तुम्ही इंजेक्शन दिलंत, मॅग्नेशियम सल्फेट ग्लिसरीनमध्ये कालवून लेप लावायला शिकवलंत आणि आराम सांगितलात. पण आराम नुसता सांगून तुम्ही गेला नाहीत. शेतमालकाकडं जाऊन बसलात आणि वाढ्याच्या बदल्यात त्यांचा एक बैल अकरा दिवस आमच्या गाडीला मिळवून दिलात. मग जू उलटं करून बघितलंत. खालून एक गाठ वर आली होती, ती रंध्यानं काढायला लावलीत. मोळ्या पुढं जास्त रचल्यानं सगळा भार खांद्यावर येतो, हेही दाखवलंत. अण्णा म्हणाले, मागं रचल्या तर चढाला गाडी उलाळ होते, म्हणजे मागं कलंडते, आणि जुवाच्या सापत्या, गळ्याखालचे पट्टे, गळ्याला आवळतात. तुम्ही ते ऐकून घेतलंत. दोघांनी मिळून तीनदा मोळ्या रचून बघितल्या. सरकारी माणूस आमच्या अण्णांकडून काही शिकतोय, हे मी पहिल्यांदा बघत होते.

जाताना तुम्ही जनावरांचा छळ होऊ नये म्हणून केलेल्या १९६५च्या सरकारी नियमांची गोष्ट काढलीत. ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांवर जुंपायचं नाही, सलग पाच तासांवर नाही, पारा ३७ अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते तीन नाही, टोकदार काठी तर नाहीच. अण्णांनी विचारलं, "हे कारखान्याच्या काट्याला म्हाईत हाय का?" तुम्ही गप्प राहिलात. खोटं उत्तर दिलं नाहीत, याचेही आभार.

मग म्हणालात, "पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमच्याकडं खांदेमळणी करतात ना? ती रोज करा." आम्ही वर्षातून एकदा हळद-लोण्यानं बैलाचे खांदे मळतो आणि सांगतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. तुम्ही सांगितलंत, रोज जू उतरलं की कोमट पाण्यानं खांदा पुसायचा, कोरडा करायचा, हात फिरवून कुठं गरम लागतंय का ते बघायचं. ते काम माझ्याकडं आलं. रात्री दोन वाजता गाडी आली तरी मी चिमणी घेऊन उठायचे. सूज वर दिसायच्या आधी हाताला कळते, हे मला त्या हंगामात समजलं. आर अण्णांनी कधी काढून टाकली ते मला माहीत नाही. एक दिवस पराणीला नुसतं भोक दिसलं.

२०२२ साली इस्लामपूरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी बैलांच्या मानेवरचा भार कमी व्हावा म्हणून गाडीच्या पुढं चाकाचा आधार बसवला. त्याची बातमी वाचताना तुमची फार आठवण आली.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. पाखऱ्या आम्ही विकला. तीन हंगामांनंतर, दुष्काळात, वैरण परवडेना तेव्हा. घेणारा शेतकरी होता, त्याला हलकी कामं करून घ्यायची होती. कासरा हातात देण्याआधी अण्णांनी त्याचा हात धरून पाखऱ्याच्या खांद्यावरून फिरवला, "हितं बघत जा" म्हणाले, आणि लेपाच्या औषधाची नावं माझ्याकडून वहीच्या कागदावर लिहून घेऊन त्याच्या खिशात घातली.

आपली,
वडवणीकडच्या गाडीवाल्या अण्णांची थोरली