गोचीड, तिची जनुकं आणि तुझा गोठा

परभणी,
१२ जून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा तू जे विचारलंस ते फोनवर सांगून संपणारं नव्हतं, आणि तुझ्या मळ्यात रेंजची बोंब. म्हणून लिहायलाच बसलो. तुझं म्हणणं असं की गोठा एक, वैरण एक, गोचिडी दोघींच्याही अंगावर. मग एचएफ (होल्स्टीन) कालवडीला १०६ ताप, खांद्यापुढची गाठ टरारून सुजलेली, आणि शेजारची खिल्लार मात्र निवांत रवंथ करतेय, हे कसं काय?

अर्धं उत्तर गाईत आहे आणि ते तुलाही ठाऊक आहे. स्कॉटलंडमधल्या रॉझलिन संस्थेच्या संशोधकांनी आपल्याकडच्या साहिवाल आणि परदेशी होल्स्टीन वासरांना थायलेरियाची, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या एका सूक्ष्म जंतूची, सारखीच लागण करून पाहिली होती. २००५ मध्ये ते काम छापून आलं. साहिवाल वासरं सावरली, होल्स्टीन फार जास्त आजारी पडली. तुझ्या खिल्लारीचं तसंच काहीसं असणार. पण उरलेलं अर्धं उत्तर गोचिडीत आहे, आणि तिकडे कुणी बघतच नाही. आपण गोचिडीला इंजेक्शनची सुई समजतो: इकडचं रक्त ओढलं, तिकडे टोचलं. खरं तर जंतूला तिच्या पोटात आधी जगावं लागतं, वाढावं लागतं, आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथीपर्यंत जावं लागतं. हे जमणार की नाही, ते बऱ्याच अंशी गोचिडीची जनुकं ठरवतात.

तू पाठवलेल्या फोटोत दोन जाती आहेत. लांब पायांची, पायांवर फिकट पट्टे असलेली तपकिरी ती हायलोमा. आखूड पायांची, रक्त पिऊन फुगली की राखाडी दिसणारी ती ऱ्हिपिसेफॅलस. जुन्या पुस्तकांत तिला बूफिलस म्हणायचे. कालवडीला झालाय तो थायलेरिया हायलोमाचा. तो तिच्या अंड्यात उतरत नाही, म्हणून तिच्या प्रत्येक पिढीला तो नव्याने गाईकडूनच घ्यावा लागतो. ऱ्हिपिसेफॅलसकडून येतो बबेसिया, म्हणजे आपला लाल लघवीचा आजार. तो थेट अंड्यात शिरतो. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, आणि त्यातली पिल्लं आयुष्यात एकाही गाईला न चावता जंतू घेऊनच बाहेर पडू शकतात. मागे तू म्हणाला होतास ना, की मोकळ्या पडलेल्या पडीक रानात गुरं सोडली तरी रोग आला? त्याचं कारण बहुतेक हेच.

ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती अमेरिकेत. टेक्सासची गुरं उत्तरेकडे हाकली की वाटेवरची तिथली गुरं लाल लघवी करून मरायची आणि टेक्सासची ठणठणीत राहायची. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी चार वर्षं प्रयोग केले. प्रयोगशाळेत अंड्यांतून काढलेली गोचिडीची पिल्लं निरोगी गुरांवर सोडली, तरी ताप आला. १८९३ मध्ये त्यांनी हे छापलं. रोनाल्ड रॉस या डॉक्टरने सिकंदराबादला डासात मलेरियाचा जंतू पाहिला तो १८९७ मध्ये. म्हणजे असा किडा रोग पोचवतो हे आधी सिद्ध झालं ते गुरांच्या बाबतीत. डॉक्टर मंडळी हे सहसा सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगतो!

आता जनुकांकडे येऊ. गोचिडीचं एखादं जनुक गप्प करता येतं. त्या जनुकाशी जुळणारा दुहेरी आरएनए (जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूची दोन धाग्यांची नक्कल) बारीक सुईने तिच्या शरीरात सोडायचा, मग तिला लागण झालेल्या गुराचं रक्त पिऊ द्यायचं, आणि नंतर तिच्या लाळग्रंथी उघडून जंतू मोजायचे. कॅथरीन कोकन आणि होसे द ला फुएन्ते यांच्या गटाने अमेरिकेत ओक्लाहोमात हे काम वर्षानुवर्षं केलं. त्यांचं गाजलेलं जनुक म्हणजे सबोलेसिन, २००३ मध्ये सापडलेलं. ते गप्प केलं की गोचीड नीट रक्त पीत नाही, अंडी घालत नाही, आणि तिच्यातला अॅनाप्लाझ्मा, म्हणजे गोचिडीतून गुरांच्या रक्तात जाणारा आणखी एक जंतू, तोही कमी होतो. हा अॅनाप्लाझ्मा पसरवण्यात नरांचा मोठा वाटा, कारण ते माद्यांच्या शोधात एका जनावरावरून दुसऱ्यावर जातात.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रयोग वेगळाच आहे. व्हॅरिसिन नावाचं एक प्रथिन आहे, गोचिडीचं जंतूंविरुद्धचं स्वतःचं हत्यार. ते बंद केलं तर जंतू माजतील, असंच कुणालाही वाटेल. २००८ मध्ये करून पाहिलं तर अॅनाप्लाझ्मा उलट घटला! म्हणजे जे हत्यार त्याला मारायचं, त्याच्याच आधाराने तो तगून असावा. असलं काही वाचलं की मला जंतूचं कौतुक वाटतं; तुझी कालवड आडवी असताना हे बोलू नये, पण वाटतं. बबेसियाचंही असंच: ट्रॉस्पा नावाच्या जनुकाला गप्प केल्यावर गोचिडीतला बबेसिया कमी झालेला दिसला.

‘मग जनुकच बदलून टाका की,’ असं तू म्हणणार. डासांत ते जमतं कारण डासाच्या अंड्यात सुई घालता येते. गोचिडीच्या अंड्याचं कवच टणक, आत दाब जास्त, आणि वर मेणाचा लेप. मादीच्या तोंडाजवळ एक अवयव असतो, बाहेर येणाऱ्या प्रत्येक अंड्याला तो मेण फासतो. तो अवयव निकामी करून, बिनमेणाच्या अंड्यात सुई घालून अमेरिकेच्या नेवाडातल्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये पहिल्यांदा हे करून दाखवलं. तेही हरणांवरच्या गोचिडीत. तुझ्या गोठ्यापर्यंत यायला त्याला अवकाश आहे.

गोचिडीविरुद्धच्या ज्या लशीचा व्हिडिओ तू पाठवलास, ती खरी आहे. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये बाजारात आली, क्यूबानेही आपली काढली. गोचिडीच्या आतड्यातलं बीएम८६ हे प्रथिन गाईला टोचतात. गाईच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं (त्याच्याशी लढणारी प्रथिनं) तयार होतात, ते रक्त प्यायलं की गोचिडीचं आतडंच खराब होतं. गाईला ती चावते ती चावतेच, पण पुढची पिढी रोडावते. अडचण अशी की हे जनुक प्रदेशाप्रदेशांत थोडं थोडं वेगळं असतं. अर्जेंटिनाच्या काही गोचिडींवर लस चालेना, तेव्हा क्यूबाच्या लोकांनी तिथलंच प्रथिन घेऊन दुसरी लस केली. हायलोमाच्या तशाच प्रथिनावर आपल्या इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत काम झालंय. त्यामुळे परदेशातली बाटली मागवायच्या नादी लागू नकोस.

औषध फवारूनही गोचिडी मरत नाहीत, यात दुकानदाराचा दोष असेलच असं नाही. सायपरमेथ्रिन गोचिडीच्या चेतापेशीवरच्या सोडियम चॅनेलला (सोडियम आत सोडणाऱ्या दाराला) धरतं. त्या जनुकात एक बारीकसा बदल झाला की औषधाची पकड सुटते. असे बदल भारतातल्या गोचिडींतही सापडलेत. तू सायपरमेथ्रिन सोडून डेल्टामेथ्रिन आणलंस, पण दोन्ही एकाच घराण्यातली. एकाला दाद न देणारी दुसऱ्यालाही बहुधा देत नाही. बदलायचं तर गट बदल, अमिट्राझ घे. आणि औषध पातळ करून पुरवू नकोस. अर्ध्या डोसात मरतात त्या कमकुवत, उरतात त्या चिवट, आणि पुढची अंडी त्यांचीच.

कालवडीला थायलेरियावरचं ब्युपारव्हाक्वोन दिलंय ना? महाग असलं तरी त्याला पर्याय शोधत बसू नकोस. लहान संकरित वासरांना रक्षावॅक-टी ही थायलेरियाची लस टोचून घे. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून आधी दवाखान्यात चौकशी कर. गाभण असतील त्यांचं डॉक्टरांना विचारून.

रोज सकाळी कानाच्या आत, कासेला, शेपटीखाली हात फिरव. हायलोमा चिकटल्यावर तिच्या लाळेतला थायलेरिया तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात ती निघाली तर निम्मं काम झालं. चिमट्याने काढ, हातमोजे घाल, बोटांनी चिरडू नकोस. २०११ मध्ये गुजरातेत माणसांना काँगो ताप आला, त्याचा विषाणू हायलोमाच वाहून नेते. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजव. त्याआधी फ्लेमगन फिरव, पण वैरण लांब हलवून. मागच्या वेळी वहिनींना किती मनस्ताप झाला ते आठवतंय ना.

पुढच्या आठवड्यात इकडे येणार असशील तर रक्त पिऊन फुगलेल्या दहा-बारा जिवंत माद्या घेऊन ये, झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डबीत. कुठलं औषध त्यांना लागू पडतं ते बघून सांगतो. कालवडीच्या रक्ताचा थेंब पसरलेली तपासणीची काच असेल तर तीही आण.

तुझा,
विनय