रिलीव्हर न आलेल्या दिवसांचा हिशेब कोण ठेवतो?

मा. संपादक,
स. न.

मे सरत आला की उरण-पनवेल भागात, ज्यांचा माणूस मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर आहे त्या घरांत एकच विषय असतो: रिलीव्हर, म्हणजे पाळी संपल्यावर त्याची जागा घ्यायला येणारा माणूस, वेळेवर पोहोचेल ना? मी समुद्रावर क्रेन ऑपरेटर होतो, आता निवृत्त आहे.

पाऊस लागला, ढग खाली उतरले की जुहूहून हेलिकॉप्टर उडत नाही. चौदा दिवसांची पाळी सतरा-अठरा दिवसांवर जाते. बॅग भरून ठेवायची, यादीत नाव बघायचे, दुपारपर्यंत ‘कॅन्सल’ ऐकायचे आणि पुन्हा बूट चढवून बारा तासांच्या ड्युटीला उभे राहायचे. एकदा झाले तर माणूस हसण्यावारी नेतो. एकाच मोसमात तिसऱ्यांदा झाले की रोज एका टेबलावर जेवणारे दोघे मिठावरून भांडतात. पंधराव्या दिवसानंतर मी प्रत्येक लोड उचलण्याआधी दोनदा तपासत असे, कारण माझाच माझ्या डोळ्यांवर भरवसा नसे. डॉक्टरांना हे कधी सांगितले नाही. बीपी, साखर, कान, डोळे तपासून ‘फिट’चा शिक्का मिळत होता, तो कशाला घालवा? काम सुरू करण्याआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, ‘टूलबॉक्स टॉक’मध्ये, हेल्मेट, हार्नेस, वायर रोप सगळ्याची चौकशी व्हायची, झोपेची कधीच नाही.

कायम नोकरीतला माणूस उशिरा का होईना, घरी येतो. बार्जवरचे, म्हणजे कामगारांच्या राहण्याची सोय असलेल्या सपाट जहाजावरचे, कंत्राटी वेल्डर, फिटर, खलाशी मात्र महिनोन् महिने किनारा न बघता काम करताना मी पाहिले आहेत. ‘झोप लागत नाही’ म्हटले तर पुढच्या यादीतून नाव गळेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात ‘पी-३०५’ बार्ज बुडाली. ती आणि ‘वरप्रदा’ ही टग बोट मिळून ८६ जण गेले. त्या रात्री समुद्रावर असलेला माझ्या ओळखीचा एक रिगर (क्रेनला लोड बांधणारा) पुढच्याच मोसमात कामावर परतला, घराचे हप्ते होते. वारा सुटला की तो अजून लाइफ जॅकेट उशाशी घेऊन झोपतो आणि त्यावर स्वतःच विनोद करतो. परत पाठवण्याआधी त्याची विचारपूस करायला कुणीही बसले नाही.

ब्रिटनमधल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने कामाच्या ताणासाठी २००४ साली सहा कसोट्या दिल्या: कामाचा बोजा, त्यावर आपला ताबा, मिळणारा आधार, आपसातले संबंध, नेमून दिलेल्या कामाची स्पष्टता आणि बदल कसे होतात. २०२१ मध्ये ‘आयएसओ ४५००३’ हे मानसिक आरोग्यावरचे मार्गदर्शक मानकही आले. ताणाचे मूळ आधी कामाच्या आखणीत शोधा, असे ही दोन्ही सांगतात. आपल्याकडे योगदिनी हेलिडेकवर चटया पसरून फोटो निघाला की विषय संपतो. (योगाला माझा विरोध नाही, माझे गुडघे त्यावरच चालतात.)

रिलीव्हरच्या वाटेत गेलेला प्रत्येक जादा दिवस सुरक्षेच्या नोंदवहीत लिहिला जावा आणि ठरावीक दिवसांनंतर त्या माणसाकडून क्रेन किंवा उंचीवरचे काम काढून घ्यावे. एकाच पाळीत रात्रीची ड्युटी दिवसात बदलणे शक्य तेवढे टाळावे. त्या उलटापालटीत दोन-तीन दिवस डोके ठिकाणावर नसते. ताणाबद्दल बोलण्यासाठी कंत्राटदाराशी संबंध नसलेला डॉक्टर हवा आणि त्याची टिपणे कंत्राटदाराच्या हाती जाऊ नयेत. बार्जवरच्या माणसालाही हेच नियम लागू असावेत.

सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन, १४४१६, २०२२ पासून चालू आहे. पण माझ्या वेळी फोन रेडिओ रूममध्ये होता आणि तिथे कायम दोन-तीन जण बसलेले असत. केबिनमध्ये चौघे. आजही तशीच स्थिती जिथे असेल, तिथे आधी दार लागणाऱ्या एका खोलीत फोन बसवावा.

आपला,
एक निवृत्त क्रेन ऑपरेटर, उरण