सूत घेताना आधी पीळ बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्याकडे कापूस दाराशी पिकतो, पण क्रोशासाठी सूत घेताना बहुतेक जणी फक्त रंग बघतात. आधी सुताचे टोक उलटे उकलून पाहा. एकच पदर निघाला तर ते मागावर चालेल, क्रोशाला नाही. एकतर्फी पिळामुळे चौकोन तिरपा होऊ शकतो. बारीक चारपदरी सुताला 2.5 ते 3 मिमीची सुई, जाड आठपदरीला 4 मिमी.

कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेले मर्सराइज्ड सूत चमकदार आणि मजबूत, तोरण-रुमालाला उत्तम. बाळाच्या टोपड्याला मात्र साधे, मऊच घ्या. सुती धाग्याला लोकरीसारखा लवचिकपणा नसतो, म्हणून टोपड्याचा काठ एक नंबर लहान सुईवर विणावा, नाहीतर तो सैल पडतो. गरम भांडी धरायच्या फडक्यात अ‍ॅक्रिलिक नकोच, ते वितळून हाताला चिकटते.

लाल-निळे सूत ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग सुटतो का बघा. 10 सेंमीचा नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजा.

तालुक्याच्या दुकानदारांना विनंती: सुट्या गुंड्यांवर लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या सुताचा क्रमांक) लिहून द्या. लॉट बदलला की शालीत पट्टा दिसतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

– विणकाम करणाऱ्या महिला, जि. यवतमाळ