रन्वारची ऑलिव्हची झाडं आणि आमचे आंबे

संपादक साहेब, नमस्कार,

मुलगी फ्रान्सला नोकरीला आहे म्हणून गेल्या वर्षी तिथला दक्षिणेकडचा भाग बघायचा योग आला आणि वेंगुर्ल्याला परत आल्यापासून डोक्यात तेच चाललंय. स्पेनच्या हद्दीजवळ कोलिऊर म्हणून छोटं बंदर आहे, तिथे 1905 च्या उन्हाळ्यात मातीस आणि दरँ या दोघा चित्रकारांनी भडक लाल, नारिंगी, निळ्या रंगात होड्या आणि छपरं रंगवली. आज गावात त्या त्या जागी त्या चित्रांच्या प्रती लावल्यात, म्हणजे चित्र बघायचं, मान वर केली की समोर तेच बंदर. मी तर तिथून हलेचना.

पण मनात घर केलं ते रन्वार या फ्रेंच चित्रकाराच्या बागेने. तिथल्याच दक्षिणेकडच्या कान्य गावातली जुनी ऑलिव्हची झाडं तोडली जाणार होती, ती वाचावीत म्हणून त्याने 1907 मध्ये ती जमीनच विकत घेतली आणि संधिवाताने बोटं वाकडी झाली तरी 1919 मध्ये जाईपर्यंत रंगवत राहिला. झाडं अजून आहेत!

आमच्या वाटेवरचे जुने आंबे रस्ता रुंद करताना आठवड्यात गेले, साधा फोटो काढायचा राहिला. हळदणकरांसारखा चित्रकार ज्या सावंतवाडीत जन्मला तो हा आपला मुलूख. मग मालवणच्या, वेंगुर्ल्याच्या बंदरावर अशा चित्रांच्या प्रती लावायला काय हरकत आहे? आणि त्याआधी उरलेली झाडं तरी मोजून ठेवा, शाळेतले ड्रॉइंगचे सर आणि मुलं येतील, मीही येतो.

एक वाचक, वेंगुर्ले